पहिल्या लेव्हलची फीट: एका हाउस रूलचं प्रकरण

नव्या मोहिमेसाठी चौघा खेळाडूंनी आपापली पात्रं कळवली, त्यातली तीन 'माणूस' या वंशाची निघाली. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं प्लेअर्स हँडबुक आम्ही वापरत होतो. त्यात वंश म्हणून ड्वार्फ आहेत, एल्फ आहेत, हाफलिंग, नोम, हाफ-ऑर्क, टीफलिंग, ड्रॅगनबॉर्न आहेत. आमच्या टोळीत मात्र फायटर (लढवय्या) माणूस, क्लेरिक (पुरोहित) माणूस, रोग (rogue, म्हणजे चोरटा) माणूस. पॅलाडिन (धर्मयोद्धा) तेवढी ड्रॅगनबॉर्न. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मी होतो. एकेकाला विचारलं तेव्हा तिघांचं उत्तर एकच आलं. फायटरवाला म्हणाला, "अरे, मला ड्वार्फच खेळायचा होता. पण ड्वार्फ घेतला की फीट नाही मिळत ना."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. खेळाडूला जे पात्र मनापासून हवं आहे ते नियमांमुळे महाग पडतं, म्हणून तो दुसरंच पात्र घेऊन येतो. अशा ठिकाणी हाउस रूल, म्हणजे टेबलाने स्वतःपुरता केलेला नियम, करावा असं मला ठामपणे वाटतं. पण तो कसा करायचा, आणि बरोबर झाला की नाही हे कशावरून ओळखायचं, यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी मुळाकडे जाऊ. फीट म्हणजे पात्राने कमावलेलं एखादं खास कसब. ही कल्पना खेळात आली २००० साली, तिसऱ्या आवृत्तीबरोबर. तेव्हा पहिल्याच लेव्हलला प्रत्येकाला एक फीट मिळायची आणि माणसाला एक जास्त. २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीने फीट्स ऐच्छिक केल्या. डीएमने परवानगी दिली तरच त्या खेळात येतात, आणि आल्या तरी चौथ्या लेव्हलपासून. तिथेही फुकट नाहीच: स्ट्रेंग्थसारख्या एखाद्या क्षमतेत मिळणारी +२ ची वाढ सोडायची, मग फीट घ्यायची. या सगळ्याला पुस्तकात एकच मोठा अपवाद आहे, व्हेरियंट ह्यूमन. साध्या माणसाला सहाही क्षमतांत +१ मिळतो. व्हेरियंट ह्यूमनला दोन क्षमतांत +१, एक स्किल आणि पहिल्याच लेव्हलला एक फीट.

याचे परिणाम दोन. ज्याला फीट हवी तो माणूस घेतो, हा पहिला. दुसऱ्याकडे लक्ष कमी जातं, पण मला तो जास्त लागतो. लिंग्विस्ट, ॲक्टर, डंजन डेल्व्हर अशा गोष्टीला रंग भरणाऱ्या फीट्स जवळजवळ कोणीच घेत नाही, कारण चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थमधले +२ सोडून तीन नव्या भाषा शिकायला फार मोठं मन लागतं.

आमच्यापुढे काही वाटा होत्या. काहीच न करणं ही एक. २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकातली कस्टम लिनिएज ही दुसरी. तिच्यात वंश आपण म्हणू तो, एका क्षमतेत +२, आणि पहिल्या लेव्हलला एक फीट. फायटरवाल्याला ती दाखवली. त्याने वाचली आणि पुस्तक मिटलं, कारण तिच्यात ड्वार्फचं विषाविरुद्धचं बळ नाही, दगडकामाची जाण नाही, कुऱ्हाड-हातोड्याचं शिक्षण नाही. नाव ड्वार्फ आणि आत काहीच नाही, हे त्याला नको होतं, आणि त्याचं बरोबरच होतं. उरली तिसरी वाट. अनेक टेबलांवर रुळलेला हाउस रूल: पहिल्या लेव्हलला सगळ्यांना एक फीट, हवी ती. आम्ही तो घेतला, आणि आधीच ठरवलं की लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर हा छोटा साहसपट (तयार कथानक) या नियमाची परीक्षा म्हणून खेळायचा.

पात्रं लगेच बदलली. फायटर ड्वार्फ झाला, हातात ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं), फीट पोलआर्म मास्टर. क्लेरिक वूड एल्फ झाली आणि वॉर कास्टर घेतली. रोग हाफलिंग झाला आणि क्रॉसबो एक्स्पर्ट घेतली. पॅलाडिन खेळणारीला आता फुकटची फीट मिळत होती. तिने लिंग्विस्ट घेतली, आणि त्या तीन भाषांत गॉब्लिनही निवडली. मठाच्या ग्रंथालयात वाढलेली ड्रॅगनबॉर्न, जिला शत्रूशी आधी बोलायचं असतं, असं पात्र तिने उभं केलं. टोळीत एकही माणूस उरला नाही. नियमाने आपलं पहिलं काम चोख केलं.

रस्त्यावरचा पहिला सामना

साहसपट सुरू होतो तो ट्रायबोअर ट्रेलवर. वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेले असतात आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले. मूळ आखणीत दोन गॉब्लिन अंगावर धावून येतात आणि दोन लांबून बाण मारतात. हा सामना सोपा नाही. डंजन मास्टर्स गाइडच्या हिशेबाने चार गॉब्लिनचे २०० अनुभव-गुण, संख्येमुळे दुप्पट होऊन ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ४०० म्हणजे नेमकी 'प्राणघातक' ही पायरी. कित्येक टोळ्या इथेच झोपल्या आहेत.

आमची टोळी झोपली नाही. ड्वार्फ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. पोलआर्म मास्टर असलेल्याच्या दहा फुटांच्या टप्प्यात शत्रू शिरला की रिॲक्शनमध्ये, म्हणजे आपली पाळी नसतानाही, एक वार मिळतो. धावत आलेला पहिला गॉब्लिन पोचायच्या आतच पडला. दुसरा ड्वार्फच्या पाळीत पडला. पॅलाडिन मागून येईपर्यंत तिच्यासमोर कोणी उरलंच नव्हतं. पुढे क्रॅगमॉच्या गुहेतही तेच. बगबेअर क्लार्गपर्यंत पोचताना प्रत्येक झटापटीत ड्वार्फ सगळ्यात पुढे आणि सगळ्यात वरचढ.

पॅलाडिनला एक जागा मिळाली, आणि ती सुंदर होती. गुहेत क्लार्गचा हाताखालचा येमिक त्याच्यावर डूख धरून असतो. दोन पहारेकरी गॉब्लिन आपल्या भाषेत याच भांडणाबद्दल कुजबुजत आहेत असं मी दाखवलं. तिने ते ऐकलं, टोळीला सांगितलं, आणि पुढचा अर्धा डाव त्या एका माहितीवर फिरला. पण गॉब्लिनना सामान्य भाषाही येते. ते तिच्यासमोर गॉब्लिनमध्ये बोलले कारण मी त्यांना बोलायला लावलं. ग्लेव्हला संधी प्रत्येक फेरीत आपोआप मिळते. भाषेला संधी डीएमने दर वेळी आठवणीने द्यावी लागते. या दोन फीट्स एकाच किमतीला विकायला ठेवल्या की न्याय होत नाही.

खेळ संपल्यावर पॅलाडिनवाली एवढंच म्हणाली, "मी लढाईत नसते तरी चाललं असतं, नाही का?" तिने फीट चुकीची निवडली असं मी म्हणणार नाही. नियम ज्या हेतूने केला त्याला धरूनच तिने फीट निवडली होती. त्याची शिक्षा तिला होत असेल तर दुरुस्ती नियमात हवी.

आकड्यांत काय दिसतं

नुसत्या भावनेवर नियम बदलायचा नव्हता म्हणून हिशेब मांडला. गॉब्लिनचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. ड्वार्फ आणि पॅलाडिन दोघांचा हल्ल्याचा बोनस +५, म्हणजे डी-वीसवर (वीस बाजूंच्या फाशावर) १० किंवा जास्त पडलं की वार लागतो. शक्यता ५५ टक्के. पॅलाडिनचा ग्रेटस्वर्ड दोन डी-सहा अधिक ३. चुकणारे वार आणि क्रिटिकल (२० पडलं की नुकसानाचे फासे दुप्पट) दोन्ही धरून एका फेरीचं सरासरी नुकसान ५.८५. ड्वार्फचा ग्लेव्ह एक डी-दहा अधिक ३, त्याचं सरासरी नुकसान ४.९५. म्हणजे फीट नसताना ड्वार्फ पॅलाडिनच्या थोडा मागेच आहे. त्याने लांब टप्प्यासाठी नुकसान सोडलं आहे, आणि तो सौदा बरोबरीचा आहे. आता पोलआर्म मास्टर जोडा. बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, दांड्याच्या मागच्या टोकाने आणखी एक वार, डी-चार अधिक ३. त्याचे ३.१५ मिळवले की ८.१. पॅलाडिनपेक्षा ३८ टक्के जास्त. ज्या फेरीत शत्रू टप्प्यात शिरतो त्या फेरीत रिॲक्शनचा वार धरून १३.०५, म्हणजे दुपटीहून वर.

पुष्कळ डीएम म्हणतात, "असू दे की, राक्षस तगडे कर." म्हणून तोही हिशेब केला. हॉबगॉब्लिनचा एसी १८: पॅलाडिन ४.३५, ड्वार्फ ६. फरक ३८ टक्के. ओगरचा एसी ११: पॅलाडिन ७.८५, ड्वार्फ १०.९. फरक ३९ टक्के. एसी वाढवा, कमी करा, हिट पॉइंट दुप्पट करा, दोघांमधलं अंतर हलत नाही. शत्रू वाढवले तर पॅलाडिन जास्त मार खाते, आणि तिचा वाटा तेवढाच लहान राहतो.

या प्रकरणातून मला सापडलेली कसोटी हीच. टोळी आणि राक्षस यांच्यातला तोल डीएमच्या हातात असतो. एक गॉब्लिन वाढवला, एक काढला, की झालं. पण टेबलावर बसलेल्या दोन खेळाडूंमधला तोल डीएमला राक्षसांच्या बाजूने सावरता येत नाही. म्हणून पात्रघडणीचा कुठलाही हाउस रूल तपासताना 'याने पात्रं फार बलवान होतात का?' हा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायचं ते हे की याने एकाच टोळीतल्या दोन पात्रांत किती अंतर पडतं. सगळ्यांना सारखं बळ दिलं तर काही बिघडत नाही. एकाला दिलं आणि दुसऱ्याला दिल्यासारखं केलं, की खेळ बिघडतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या विषयावर बोलताना सगळ्यात जास्त शिव्या ग्रेट वेपन मास्टरला बसतात, कारण तिच्यात हल्ल्यावर −५ घेऊन नुकसानावर +१० मिळतात. पहिल्या लेव्हलला ती तितकी वाईट नाही. गॉब्लिनविरुद्ध पॅलाडिनचे ५.८५ चे फक्त ६.३५ झाले असते, आणि गॉब्लिनचे हिट पॉइंट ७ असल्याने त्यातलं पुष्कळ नुकसान वायाच गेलं असतं. हॉबगॉब्लिनविरुद्ध तर ४.३५ वरून ३.३५ वर घसरण. ओगरविरुद्ध मात्र १०.३५, म्हणजे भरघोस फायदा. ती फीट कधी वापरायची याचा विचार खेळाडूला करावा लागतो. पोलआर्म मास्टर काहीच विचार मागत नाही, म्हणून पहिल्या लेव्हलला ती जास्त जड पडते.

नियमाचं दुसरं रूप

फँडालिन गावात पोचेपर्यंत सगळे दुसऱ्या लेव्हलला आले होते. तिथे थांबून मी आकडे सगळ्यांसमोर ठेवले. हा निर्णय डीएमने एकट्याने घ्यायचा नसतो, विशेषतः त्यात कोणाच्या तरी हातातलं काढून घ्यायचं असतं तेव्हा. फायटरवाला थोडा खट्टू झाला. "पण मी ड्वार्फ घेतला तो या नियमामुळेच ना?" त्याचा मुद्दा खरा होता, म्हणून उत्तरही तसंच हवं होतं: पोलआर्म मास्टर बंद नाही, ती चौथ्या लेव्हलला आहे, पुस्तकात आहे तशीच, क्षमतावाढ सोडून. फुकट मिळते ती फीट मात्र वेगळ्या यादीतून.

यादी ठरवायला एकच निकष लावला: जी फीट जादा वार देते किंवा वाराचं नुकसान वाढवते, ती पहिल्या लेव्हलला फुकट नाही. पोलआर्म मास्टर, क्रॉसबो एक्स्पर्ट, ग्रेट वेपन मास्टर, शार्पशूटर, सेंटिनेल यादीबाहेर गेल्या. वॉर कास्टर राहिली. तिच्यात संधीच्या वाराऐवजी मंत्र टाकता येतो, म्हणून थोडी चर्चा झाली. पण आमची क्लेरिक ती वापरत होती ब्लेस हा साथीदारांच्या फाशांना बळ देणारा मंत्र टिकवायला, आणि ब्लेसचा फायदा सगळ्या टोळीला होतो. अंतर वाढण्याऐवजी कमी होतं. लकीवर सगळ्यात जास्त वाद झाला. नुकसान ती वाढवत नाही, पण एका लाँग रेस्टला तीन वेळा नशीब पालटते, आणि पहिल्या लेव्हलला दिवसभरात महत्त्वाचे फासे असतात तरी किती? ती आम्ही बाहेर ठेवली.

दुसरी अट अशी की फीट पात्राच्या पूर्वायुष्यातून आली पाहिजे, आणि ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ही अट मी तोल सांभाळायला घातली नव्हती, पण तिने टेबलाला सगळ्यात जास्त दिलं. ड्वार्फ खाणकामगारांच्या घरातला निघाला आणि त्याने डंजन डेल्व्हर घेतली: गुप्त दारं हुडकायला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला घ्यायचा), सापळ्यांपासून बचावाला ॲडव्हांटेज. या साहसपटाचा शेवट वेव्ह एको केव्ह या जुन्या खाणीत होतो, त्यामुळे तो तिथे शिरला तो घरी आल्यासारखा. रोगने स्कल्कर घेतली. २०१४ च्या नियमांत हाफलिंगला अंधारात दिसत नाही, आणि हा हाफलिंग तळघरांत लपूनछपून मोठा झालेला. मंद उजेडातही नजर कमी पडू न देणारी फीट त्याला शोभली. क्रॉसबो गेल्याचं त्याला वाईट वाटलं नाही. दोन हातांत दोन शॉर्टस्वर्ड घेऊन स्नीक अटॅकची (रोगच्या जादा नुकसानाची) दुसरी संधी त्याला तशीही मिळत होती.

पॅलाडिनने काहीच बदललं नाही.

चौथी लेव्हल आली तेव्हा ड्वार्फने ठरल्याप्रमाणे पोलआर्म मास्टर घेतली आणि पॅलाडिनने स्ट्रेंग्थ १६ वरून १८ केली. गॉब्लिनचाच एसी १५ धरून पुन्हा हिशेब केला. ड्वार्फ ८.१. पॅलाडिनला आता +६ चा बोनस होता आणि दुसऱ्या लेव्हलला मिळालेली ग्रेट वेपन फायटिंगची शैली होती. तिचे ७.८. आणि हे डिव्हाइन स्माइटचे (पॅलाडिनच्या जादा नुकसानाचे) दोन डी-आठ धरण्याआधी, तसंच ड्वार्फची ॲक्शन सर्ज (फायटरची जादा कृती) न धरता. तीच फीट, तेच हत्यार. पहिल्या लेव्हलला ३८ टक्के पुढे नेणारी गोष्ट चौथ्या लेव्हलला बरोबरीत येऊन बसली, कारण एव्हाना प्रत्येक क्लासकडे स्वतःचं काहीतरी आलेलं असतं आणि फीटची किंमतही प्रत्येकाने मोजलेली असते. फीट वाईट नव्हती, तिची वेळ चुकीची होती.

माणसाचं काय, हा प्रश्न आमच्या टोळीपुरता उठला नाही, पण नियम लिहिताना सोडवावा लागला. सगळ्यांना फीट दिली की व्हेरियंट ह्यूमनचं वेगळेपण संपतं. आम्ही लिहिलं: माणसाने व्हेरियंटच घ्यावा, आणि त्याच यादीतून दोन फीट्स घ्याव्यात. यादी बंदिस्त असल्याने दुसरी फीट धोक्याची ठरत नाही.

पुस्तकानेच उचललेला नियम

पुढे प्रकाशकांनीही हीच वाट धरली. २०२१ च्या स्ट्रिक्सहेवन आणि २०२२ अखेरच्या ड्रॅगनलान्स या पुस्तकांत बॅकग्राउंडबरोबर (पात्राच्या पूर्वायुष्याबरोबर) फीट मिळू लागली. मधल्या काळात, ऑगस्ट २०२२ च्या चाचणी-मसुद्यात, ती सगळ्यांसाठी आली, आणि सप्टेंबर २०२४ च्या नव्या प्लेअर्स हँडबुकात पक्की झाली. प्रत्येक बॅकग्राउंडबरोबर एक ओरिजिन फीट, आणि अशा फीट्स त्या पुस्तकात फक्त दहा: अलर्ट, क्राफ्टर, हीलर, लकी, मॅजिक इनिशिएट, म्युझिशियन, सॅव्हेज अटॅकर, स्किल्ड, टॅव्हर्न ब्रॉलर, टफ. पोलआर्म मास्टर आणि तिच्या बहिणींना चौथ्या लेव्हलची अट लागली. वॉर कास्टरलाही लागली. तिथे आमची यादी आणि पुस्तक यांचं पटत नाही. लकी आत आली, पण तिचे गुण प्रोफिशिएन्सी बोनसएवढे केले, म्हणजे पहिल्या लेव्हलला दोनच. आणि माणसाला एक ओरिजिन फीट जास्त.

नव्या पुस्तकावर नवी मोहीम सुरू करताना मात्र जुनंच दुखणं दुसऱ्या जागी उठलं. २०२४ मध्ये क्षमतांचे बोनस वंशाकडून काढून बॅकग्राउंडला जोडले आहेत. प्रत्येक बॅकग्राउंडला तीन ठरावीक क्षमता. त्यांतच +२ आणि +१ वाटायचे, किंवा तिन्हींना एकेक. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही लागतात. हँडबुकातल्या सोळा बॅकग्राउंड्सपैकी या दोन्ही क्षमता देणाऱ्या दोनच आहेत, नोबल आणि एंटरटेनर. म्हणजे जोरकस पॅलाडिन हवी असेल तर ती एकतर सरदारघराण्यातली, नाहीतर कलावंत. पूर्वी फीटसाठी सगळे माणूस व्हायचे, आता क्षमतांसाठी सगळे पॅलाडिन सरदार होणार.

डंजन मास्टर्स गाइडच्या नव्या आवृत्तीत स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची वाट डीएमला दिलेली आहे. आम्ही त्याहून सोपं केलं: बॅकग्राउंड कुठलंही घ्या, तीन क्षमता तुमच्या तुम्ही निवडा, फीट त्या दहांतली कुठलीही, पूर्वायुष्याची दोन वाक्यं लिहून द्या. कसोटी तीच लावली. यामुळे टोळीतल्या दोघांत अंतर पडतं का? पडत नाही, कारण प्रत्येकाला आपल्या क्लासला हवे ते +२ आणि +१ मिळतात आणि त्या दहांत दर फेरीला जादा वार देणारी एकही फीट नाही. फक्त मॅजिक इनिशिएटकडे मी लक्ष ठेवून आहे. एकाच टोळीतल्या तिघांनी तीच घेतली तर यादीला पुन्हा हात लावावा लागेल.

पॅलाडिनवालीने या वेळी शेतकऱ्याची मुलगी घेतली आहे. स्ट्रेंग्थ +२, करिश्मा +१, फीट टफ. पुस्तकाच्या नियमाने शेतकऱ्याला स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन आणि विज्डम मिळतं, करिश्मा मिळत नाही. तिने लिहून दिलेली दोन वाक्यं अशी: "दुष्काळात गावाची पंचायत हिने चालवली. तेव्हापासून लोक हिचं ऐकतात."